हातावरच्या निळ्या गाठीबद्दल फिरणारा मजकूर: एकेका मुद्द्याला उत्तर

गेल्या काही महिन्यांपासून एक मजकूर सोलापुरात मोबाइलवरून मोबाइलवर फिरतो आहे. शाळेच्या पालकांचे गट, यंत्रमाग कामगारांचे गट, भजनी मंडळांचे गट, सगळीकडे तोच. हातावर, मनगटाशी किंवा तळव्यात निळसर मऊ गाठ असेल तर काय करावं आणि काय करू नये, हे त्यात ठासून सांगितलं आहे. त्यातले दावे थोडक्यात असे: ही रक्ताची गाठ असते आणि मूल पाच-सात वर्षांचं होईपर्यंत आपोआप जिरते. सोनोग्राफी पोटासाठी असते, हाताला ती सांगितली तर ते कमिशनसाठी. एमआरआयची किरणं लहान मुलांना बाधतात, त्यापेक्षा सीटी स्कॅन बरा. खरी तपासणी एकच, अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांत औषध सोडून एक्स-रेवर त्यांचं चित्र काढणं), तेव्हा पुण्या-मुंबईला जाऊन थेट तीच करा. पैसे नसतील तर सुई टोचून बघा, रक्त आलं की निदान झालं. आणि शेवटी, गाठ एकदा कापून टाकली की विषय संपला, पुन्हा तपासणीची गरज नाही.

मी याच शहरात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करते. हा मजकूर उघडून माझ्यापुढं मोबाइल धरणारी माणसं विचार करणारी असतात. लेकराच्या हाताचं पुढं काय होणार आणि खर्च किती येणार, या दोन काळज्या त्यांना असतात, आणि मजकुरानं दोन्हींवर सोपं उत्तर दिलेलं असतं. म्हणूनच तो इतका फिरला. त्यामुळं प्रत्येक दाव्याला नीट उत्तर द्यायला हवं.

आधी मूळ गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. हृदयातून निघालेलं रक्त धमन्यांतून बोटांच्या टोकांपर्यंत जातं, तिथं केसाहून बारीक अशा केशवाहिन्यांच्या जाळ्यातून पसरतं, पेशींना प्राणवायू देतं आणि शिरांमधून परत फिरतं. शिवाय ऊतींमधला पाण्यासारखा द्रव गोळा करणाऱ्या लसिकावाहिन्या असतात त्या वेगळ्याच. गर्भात ही सगळी रचना होत असताना एखाद्या ठिकाणी ती चुकते. कुठं शिरांच्या भिंती कमकुवत होऊन त्या पिशव्यांसारख्या फुगतात, कुठं लसिकेच्या पोकळ्या तयार होतात, तर कुठं मधलं केशवाहिन्यांचं जाळंच तयार होत नाही आणि धमनी सरळ शिरेला जाऊन मिळते. याला व्हॅस्क्युलर मालफॉर्मेशन म्हणतात. अशा अनेक गाठींमध्ये टीईके किंवा पीआयके3सीए या जनुकात, फक्त त्या जागच्या पेशींपुरता, बदल सापडतो. आईनं ग्रहणात विळी हातात धरली म्हणून हे होत नाही. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण आजही एखादी सासू माझ्या समोरच्या खुर्चीत बसून सुनेला हेच ऐकवते, आणि ती बाई मान खाली घालून बसते.

डॉक्टरला सगळ्यांत आधी एकच कळायला हवं: या गाठीत रक्त संथ आहे की वेगात आहे? शिरांचं, लसिकेचं किंवा केशवाहिन्यांचं मालफॉर्मेशन संथ. धमनी-शिरेचं, म्हणजे एव्हीएम, वेगवान. दोन्हींचे उपचार वेगळे, धोके वेगळे, तपासण्यांचा क्रमही वेगळा. फिरत्या मजकुरात हा प्रश्न एकदाही आलेला नाही, आणि त्याची बहुतेक सगळी चूक तिथूनच सुरू होते.

आता पहिला दावा, आपोआप जिरण्याचा. यात खऱ्याचा अंश आहे. तान्ह्या बाळांना हिमॅन्जिओमा नावाची रक्तवाहिन्यांची गाठ होते. जन्मतः ती बहुधा दिसत नाही किंवा फिकट डागाएवढी असते. पहिल्या काही आठवड्यांत ती लालबुंद होऊन झपाट्यानं वाढते, बरीचशी वाढ पाचव्या महिन्यापर्यंत उरकते, आणि वर्षाच्या आसपास ती ओसरायला लागते. पुढची काही वर्षं ती हळूहळू विरत जाते. यातल्या त्रासदायक गाठींवर प्रोप्रॅनोलॉल हे हृदयविकाराचं जुनं औषध चालतं, हे 2008 साली फ्रान्समधल्या बोर्दो इथल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं आणि त्या मुलांचे उपचारच बदलले.

पण मालफॉर्मेशन ही वेगळी गोष्ट. ते जन्मापासून असतं, भले दिसायला उशीर होवो. मूल वाढतं तसं तेही वाढतं. वयात येताना, गरोदरपणात, मार लागल्यावर एकदम मोठं होऊ शकतं. जिरत मात्र नाही. बोस्टनच्या जॉन मुलिकन आणि ज्युली ग्लोवाकी यांनी 1982 साली या दोन गटांमधली सीमारेषा आखून दिली आणि आज जगभर त्याच पायावरचं वर्गीकरण चालतं. तरीही आपल्याकडं कितीतरी रिपोर्टांवर वीस वर्षांच्या मुलाच्या मनगटातल्या शिरांच्या गाठीला 'हिमॅन्जिओमा' एवढंच लिहून दिलेलं असतं. हा दोष माझ्याच व्यवसायाचा आहे आणि त्याची मला खंत वाटते, कारण तोच शब्द वाचून घरची माणसं वर्षानुवर्षं गाठ जिरायची वाट बघत बसतात. तेवढ्या काळात एव्हीएम असेल तर ते पुढच्या अवस्थेत गेलेलं असतं. शोबिंगरच्या वर्गीकरणात एव्हीएमच्या चार अवस्था आहेत: पहिली शांत, दुसरीत गाठ वाढते आणि ठोके लागतात, तिसरीत वेदना, जखम, रक्तस्राव, आणि चौथीत हृदयावर ताण येऊन ते थकतं.

दुसरा दावा सोनोग्राफीचा, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त नुकसान याच दाव्यानं केलं आहे.

लोकांचा समज का झाला, ते कळतं. सोनोग्राफीच्या प्रत्येक खोलीबाहेर गर्भलिंग तपासणी होत नसल्याचा फलक कायद्यानंच लावलेला असतो. बाहेर बाकावर गरोदर बायका बसलेल्या असतात. अशा ठिकाणी हात दाखवायला पाठवलं की माणूस चक्रावतोच. 'पोटात काय नाही ओ डॉक्टर, हाताचं बघायचंय' हे वाक्य मी नेहमी ऐकते. पण पोटाचा प्रोब, म्हणजे अंगावर टेकवायचं यंत्राचं टोक, वेगळा आणि हाताचा वेगळा. पोटासाठी साधारण 2 ते 5 मेगाहर्ट्झच्या लहरी लागतात, कारण त्यांना खोलवर जायचं असतं. हाताला 10 ते 18 मेगाहर्ट्झचा सपाट प्रोब लागतो. तो खोल जात नाही, पण त्वचेखालच्या पहिल्या तीन-चार सेंटिमीटरमधली बारीकसारीक रचना इतकी स्पष्ट दाखवतो की कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर), मज्जातंतू आणि शीर शेजारी शेजारी ओळखता येतात. हातात याहून खोल फारसं काही नसतंच.

त्याच यंत्रात डॉपलर असतो. हलणाऱ्या वस्तूवरून परतणाऱ्या लहरीची वारंवारता बदलते, हे ऑस्ट्रियाच्या ख्रिस्तियान डॉपलर यांनी 1842 साली मांडलं. रक्तातल्या तांबड्या पेशी हलत असतात, म्हणून त्यांच्यावरून परतलेल्या लहरीवरून रक्ताची दिशा आणि वेग काढता येतो. म्हणजे वर जो प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा म्हटला, त्याचं उत्तर इथं, याच शहरात, सुई न टोचता, किरणांशिवाय, थोड्या वेळात मिळतं.

नीट केलेली तपासणी कशी असते, ते पेशंटलाही माहीत असावं. हात टेबलावर आडवा ठेवून घाईनं प्रोब दाबला तर शिरांची गाठ चेपून जाते आणि 'काही विशेष नाही' असा रिपोर्ट येतो. म्हणून भरपूर जेल लावायचं, प्रोब जेमतेम टेकवायचा, पेशंटला बसवून हात खाली सोडायला लावायचा. शिरांचं मालफॉर्मेशन असेल तर हात लोंबता ठेवला की ते भरतं, वर धरला की ओसरतं. मग प्रोबनं दाबून पाहायचं, चेपते का. डॉपलर अगदी संथ प्रवाह पकडेल असा लावायचा. तरीही कित्येकदा रंग उमटत नाही, इतकं रक्त तिथं साचलेलं असतं. तेव्हा गाठ हलकेच दाबून सोडली की क्षणभर रंग येतो. आत लहान गोल खडे दिसले, त्यांच्या मागं काळी सावली पडली, तर साचलेल्या रक्ताच्या गुठळ्यांवर कॅल्शियम चढून झालेले ते फ्लेबोलिथ. शिरांच्या मालफॉर्मेशनची ही मोठी खूण. हे खडे साध्या एक्स-रेवरही दिसतात, म्हणून हाताचा स्वस्तातला एक्स-रे मी कधी वायफळ मानत नाही. हाड झिजलं आहे का, बोट लांब झालं आहे का, तेही त्यात कळतं.

एव्हीएममध्ये चित्र पार वेगळं. पडद्यावर रंगांची गर्दी उसळते. निरोगी हात विसाव्याला असताना त्याच्या धमनीत प्रत्येक ठोक्याला रक्त जोरात येतं आणि दोन ठोक्यांच्या मध्ये जवळजवळ थांबतं, कारण पुढच्या बारीक वाहिन्या विरोध करतात. एव्हीएमला जाणाऱ्या धमनीत हा विरोध नसतो, म्हणून रक्त ठोक्यांच्या मध्येही वाहतच राहतं. शिरेतही धमनीसारखे ठोके दिसतात. दोन्ही हातांची धमनी एकापाठोपाठ तपासली की फरक नजरेत भरतो.

विडी वळणाऱ्या बायकांच्या बाबतीत ही तपासणी मला फार मोलाची वाटते. कुंभारीच्या घरकुलातून, अशोक चौकाच्या आसपासच्या वस्त्यांतून येणाऱ्या कितीतरी बायका दिवसभर सुपात तंबाखू घेऊन बोटं चालवतात. अंगठ्याच्या मुळाशी दुखतं, संध्याकाळी सूज येते. घरात सगळे म्हणतात, काम आहे म्हणून दुखतंय. बहुतेक वेळा ते खरंही असतं. कंडराच्या आवरणाला सूज आलेली असते किंवा मनगटात मज्जातंतू दाबला गेलेला असतो. पण एखादीच्या अंगठ्याच्या स्नायूत शिरांचं मालफॉर्मेशन लपलेलं असतं. वर त्वचा स्वच्छ, निळं काही नाही. कामानं स्नायूत रक्त वाढतं, गाठ भरते, दुखतं. हात तपासून हे सांगता येत नाही. सोनोग्राफीत दिसतं.

या तपासणीला मर्यादाही आहेत. ती करणाऱ्याच्या हातावर आणि सवडीवर फार अवलंबून असते. गाठ हाडात शिरली आहे का, कोपराच्या वर किती गेली आहे, बाहूच्या खोल स्नायूंत किती पसरली आहे, हे तिला पूर्ण दाखवता येत नाही. म्हणून पुढची पायरी.

तिसरा दावा असा की एमआरआयच्या किरणांपेक्षा सीटी स्कॅन बरा. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. एमआरआयमध्ये एक्स-रे नसतात. मोठं चुंबक असतं आणि रेडिओ लहरी असतात. एक्स-रे असतात ते सीटीमध्ये. लहान मुलाच्या बाबतीत हा उलटा सल्ला पाळला तर ज्या किरणांना घाबरून एमआरआय टाळला, तीच किरणं त्याला मिळतात.

संथ मालफॉर्मेशनचा पसारा बघायला एमआरआयइतकी चांगली तपासणी दुसरी नाही. चरबीचा उजेड दाबून टाकणारी एक पद्धत वापरली की शिरांची किंवा लसिकेची गाठ काळ्या पार्श्वभूमीवर पांढरीशुभ्र उठून दिसते, आणि ती कुठल्या स्नायूत आहे, कंडरांच्या मधून कशी गेली आहे, सांध्यात उतरली आहे का, मज्जातंतूला चिकटली आहे का, सगळं मोजता येतं. गॅडोलिनियमचं, म्हणजे चित्र उजळवणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन दिल्यावर शिरांची गाठ हळूहळू भरत जाते, लसिकेच्या पोकळीच्या फक्त कडा आणि पडदे उजळतात. वेगवान एव्हीएममध्ये मात्र रक्त इतक्या जोरात निसटतं की वाहिन्या काळ्या, रिकाम्या नळ्यांसारख्या दिसतात.

एमआरआयचे खरे त्रास मजकुरात आलेच नाहीत. अर्धा-पाऊण तास निश्चल राहावं लागतं, यंत्राचा आवाज मोठा असतो, लहान मुलाला झोपेचं औषध द्यावं लागू शकतं आणि त्यासाठी भूलतज्ज्ञ हवा. शरीरात पेसमेकर किंवा कॉक्लिअर इम्प्लांट असेल तर आधी सांगायलाच हवं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर इंजेक्शनआधी रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचं माप) बघावं लागतं. आणि आपल्याकडची खास अडचण: बाळाच्या दंडातला ताईत, चांदीचं कडं, बाईच्या पाटल्या, सुजलेल्या बोटात अडकून बसलेली अंगठी. हे आदल्या दिवशीच काढून ठेवा. दंडातला ताईत काढायला आजी तयार नसते, तेव्हा तिला समजावून सांगायला मी स्वतः बाहेर येते. धातू जवळ असला की चित्र तिथंच बिघडतं, आणि बघायचा असतो नेमका तोच हात.

सीटी वाईट आहे, असं मी म्हणत नाही. अपघातानंतर, जोराचा रक्तस्राव असताना, हाड किती खाल्लं गेलं आहे ते बघायला, किंवा एमआरआय शक्यच नसताना सीटी अँजिओग्राफी काही सेकंदांत काम करते. तेव्हा एक सांगून ठेवा: औषधाची सुई दुसऱ्या हाताला लावा. दुखऱ्या हाताच्या शिरेतून आयोडीनचं औषध गेलं तर त्या शिरा इतक्या चकाकतात की शेजारचं काही दिसत नाही. रोजचं रक्त काढणं आणि सलाईनही शक्यतो दुसऱ्याच हाताला.

चौथा दावा म्हणतो, खरी तपासणी अँजिओग्राफी, बाकी सगळं कमिशन.

कमिशनबद्दलचा राग मला समजतो. डॉक्टरांमध्ये 'कट' घेतला जातो हे महाराष्ट्रात कुणाला नवं नाही. 2017 साली राज्य सरकारनं त्याविरुद्ध कायद्याचा मसुदा करायला समिती नेमली होती, ती काही उगीच नाही. पण या रागावर मजकुरानं दिलेला उपाय असा की स्वस्त आणि बिनधोक तपासणी सोडून द्या आणि सगळ्यांत महाग, शरीरात नळी घालायला लावणारी तपासणी आधी करा. पैसे वाचवायचे असतील तर क्रम बरोबर याच्या उलट हवा.

हाताचं आणि अँजिओग्राफीचं नातं मात्र फार जुनं आहे. रॉन्टगेन यांनी एक्स-रेचा शोध जाहीर केल्यावर काही आठवड्यांतच, जानेवारी 1896 मध्ये, व्हिएन्नाच्या हाशेक आणि लिंडेनथाल यांनी रक्तवाहिन्यांत औषध भरून पहिलं चित्र काढलं, ते हाताचंच. तो हात मृत देहाचा कापलेला होता, कारण त्यांनी भरलेलं मिश्रण जिवंत माणसाला देण्याजोगं नव्हतं. आजची डीएसए, म्हणजे संगणकाच्या मदतीनं केलेली अँजिओग्राफी, पुष्कळ सुरक्षित आहे. तरी जांघेतल्या किंवा हातातल्या धमनीत नळी घालावी लागते. टोचल्या जागी रक्त साचू शकतं, बोटांच्या बारीक धमन्या आकसू शकतात, किरणं आणि आयोडीन दोन्ही मिळतात. कारण असेल तर हे सगळं पत्करायचं. कारण नसेल तर का?

आणि शिरांच्या मालफॉर्मेशनमध्ये धमनीची अँजिओग्राफी बहुधा जवळजवळ नॉर्मलच येते. औषध धमनीतून बोटांकडं जातं, परत फिरतं, आणि बाजूला साचलेल्या संथ पिशव्यांमध्ये फारसं शिरतच नाही. म्हणजे पुण्याला जायचं, भरती व्हायचं, खर्च करायचा, आणि 'सगळं ठीक' असा कागद घेऊन हुतात्मा एक्सप्रेसनं परत यायचं, गाठ जिथल्या तिथं. या गाठींसाठी वेगळी पद्धत आहे. उपचाराच्या वेळी सोनोग्राफीत बघत सुई थेट गाठीत घालतात, औषध सोडून गाठ आतून कशी आहे आणि ती मोठ्या शिरांना कुठं जोडली आहे ते पडद्यावर पाहतात, आणि मगच गाठ आकसवणारं औषध देतात. याला स्क्लेरोथेरपी म्हणतात. औषध मोठ्या शिरेत निसटणार असेल तर ते त्याच वेळी कळतं. हातात हे फार जपून करावं लागतं, कारण जागा अरुंद, मज्जातंतू जवळ, आणि औषध चुकीच्या ठिकाणी गेलं तर त्वचा मरते.

एव्हीएमला मात्र डीएसए लागतेच. तिथं मधलं जाळंच नाही. उजनीची मुख्य जलवाहिनी गल्ल्यांकडं न वळवता थेट नाल्याला जोडून टाकली तर नाला फुगेल आणि घरांचे नळ कोरडे राहतील. हातात तसंच होतं: शिरा टम्म फुगतात आणि बोटांच्या टोकांना रक्त कमी पडतं, म्हणून तिथं न भरणारी जखम होते. गाठीला कुठल्या धमन्या येतात, नेमकी जोडणी कुठं आहे, तळव्यातल्या धमन्यांच्या दोन कमानी पूर्ण आहेत का, कुठलं बोट कुठल्या धमनीवर जगतं आहे, हे डीएसएशिवाय पक्कं कळत नाही. ही तपासणी उपचाराच्या तयारीनं आणि उपचार करणाऱ्याच्याच हातून व्हावी. नुसतं बघण्यासाठी एकदा आणि उपचारासाठी पुन्हा एकदा, असं होऊ नये.

पाचव्या, सुई टोचण्याच्या दाव्याला फार शब्द खर्च करायला नकोत. रक्त कुठल्याही रक्तवाहिनीतून येतं. ते आलं म्हणून गाठ शिरांची, धमनीची की आणखी कसली, काहीच कळत नाही. एव्हीएममध्ये टोचलेल्या जागेतलं रक्त थांबता थांबत नाही. मात्र उलट टोकही चुकीचं. सोनोग्राफीत किंवा एमआरआयमध्ये पोकळ्यांऐवजी भरीव गोळा दिसला, तो वेगानं वाढत असला, तर तो मऊ ऊतींचा कर्करोग असू शकतो, आणि तेव्हा बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणं, करावीच लागते. ती चित्र बघून, जागा ठरवून, त्या कामातल्या सर्जननं करायची. गल्लीतल्या दवाखान्यात नव्हे.

राहिला कापून टाकण्याचा दावा. एका स्नायूत, एका जागी, कडा स्पष्ट असलेली शिरांची छोटी गाठ चांगल्या सर्जननं पूर्ण काढली तर विषय खरंच संपू शकतो. पण हातातली बरीच मालफॉर्मेशन्स अशी आटोपशीर नसतात. ती कंडरांच्या आणि मज्जातंतूंच्या मधून पसरलेली असतात, आणि पूर्ण काढायला गेलं तर बोट वळायचं थांबतं. अर्धवट काढलेलं पुन्हा भरतं. मोठ्या शिरांच्या गाठीत रक्त सतत गोठत आणि विरघळत असतं, त्यामुळं रक्तातलं डी-डायमर (गुठळ्या विरघळल्याची खूण) वाढलेलं असतं. ऑपरेशनआधी ते तपासलं नाही तर रक्तस्राव आवरताना नाकी नऊ येतात.

आणि एव्हीएममध्ये सगळ्यांत घातक गोष्ट म्हणजे मुख्य धमनी बांधून टाकणं. वरून पुरवठा तोडला की गाठ सुकेल, हे ऐकायला पटतं. पण गाठीतला दाब कमी झाला की आजूबाजूच्या धमन्या तिकडं वळतात, नव्या वाटा फुटतात, गाठ काही महिन्यांत परत येते, आणि ज्या वाटेनं नळी नेऊन ती आतून बंद करता आली असती ती वाट कायमची गेलेली असते. मनगटावर जुना टाक्यांचा व्रण आणि त्याखाली पूर्वीपेक्षा मोठी, थडथडणारी गाठ मी पाहिली आहे. पेशंटकडं ऑपरेशनआधीची एकही फिल्म नव्हती. काय होतं आणि काय केलं गेलं, हे कुणालाच सांगता येईना.

म्हणून उपचार झाल्यावरही तपासणी लागते, पण ठरावीक आणि मोजकी. संथ गाठीला स्क्लेरोथेरपीनंतर काही महिन्यांनी सोनोग्राफी, जमल्यास त्याच पद्धतीचा एमआरआय, म्हणजे आधीच्या मापांशी ताडता येतं. एव्हीएमवर अधिक बारीक लक्ष. मुलगी वयात येत असेल किंवा बाई गरोदर असेल तर त्या काळात एकदा बघून घ्यावं.

घरी करण्यासारखं थोडंसं आहे. हात खाली सोडून आणि वर धरून गाठीत फरक पडतो का पाहा. उलट्या पंजानं दोन्ही हातांना शिवून बघा, एक जास्त गरम लागतो का. गाठीवर बोटं अलगद ठेवून ठोका किंवा थरथर लागते का पाहा. गरम आणि ठोके देणारी गाठ, बोटाच्या टोकाला न भरणारी जखम, किंवा रक्तस्राव असेल तर त्याच आठवड्यात दाखवा, वाट बघू नका. डॉपलर सोनोग्राफीसाठी सोलापूर सोडायची गरज नाही. सिव्हिलला रेडिओलॉजी विभाग आहे, खासगीतही सोय आहे. चिठ्ठीवर नुसतं 'हाताची सोनोग्राफी' असेल तर डॉक्टरांना 'डॉपलरसह, दोन्ही हातांची तुलना' असं लिहून मागा. रिपोर्टमध्ये प्रवाह संथ की वेगवान, गाठीची तिन्ही मापं, कुठल्या थरात आहे, खडे आहेत का, एवढं असायला हवं. नसेल तर विचारा. विचारलेलं आम्हाला आवडायला हवं.

उपचारासाठी पुण्या-मुंबईला जायची वेळ आलीच तर सरकारी आरोग्य योजनेत काय बसतं ते आधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारून घ्या. आणि जाताना एमआरआयची सीडी न्या, सोनोग्राफीची छापलेली चित्रं न्या, पहिल्यापासूनचे सगळे रिपोर्ट तारखेनं लावून न्या. तिथल्या डॉक्टरला नुसत्या रिपोर्टच्या कागदावरून उपचार ठरवता येत नाही, आणि चित्रं नसली की तो एमआरआय पुन्हा काढायला सांगतो.